भर दुपारचा डोह

प्रवरेकाठच्या बेलडोह गावी तेव्हा ख्रिस्तदास महाराजांचा मुक्काम होता. दोर वळून पोट भरणारी साळूबाई त्यांच्याकडे बाप्तिस्मा मागायला आली. बारा वर्षांपूर्वी तिचा नवरा तिथल्या डोहात बुडाला होता. प्रेतही हाती लागलं नाही. पाण्यातल्या साती आसरांनी नेला, असं गाव म्हणे. त्या शांत राहाव्यात म्हणून साळू दर अवसेला पाण्यात हिरव्या बांगड्या सोडायची. आता तिला प्रभूचं व्हायचं होतं, पण डोह नुसता दिसला तरी तिचा जीव अर्धा होई.

गावच्या ख्रिस्ती मंडळीचे वडीलधारे इलीशाराव खदखदून हसले. "हिला वाटीतले चार थेंब पुरेत, महाराज! डोहात नेलीत तर हिच्या आसरा हिला सोडायच्या नाहीत. आमचं काय, आमचा बाप्तिस्मा पाळण्यातच झालाय."

महाराज म्हणाले, "उद्या भर बाराला. त्याच डोहात."

भर बारा म्हणजे आसरांचीच वेळ! सावल्या पायाखाली शिरल्या होत्या, एक पाखरू बोलत नव्हतं. महाराजांनी साळूला छातीभर पाण्यात नेलं आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बुडवलं. खाली तिला बांगड्यांची किणकिण ऐकू आली. कुणीतरी घोटा धरला. "साळे, आलीस?" आवाज थेट नवऱ्याचा! तिने मनातच प्रभूचा धावा केला, आणि महाराजांनी तिला वर काढलं.

तोच काठावर उभ्या इलीशारावांचं हसू थांबलं. त्यांना कुणीतरी नावाने हाक मारत होतं. झोपेत चालावं तसे ते उघड्या डोळ्यांनी पाण्यात उतरले आणि दिसेनासे झाले. एक बुडबुडासुद्धा आला नाही.

"म्हाराज, तुमी काढा त्यांना," साळू म्हणाली. "मला लई भ्या वाटतंय."

"बये, बाप्तिस्म्यात तू आत्ताच मरून आलीस. आता मरणाचं काय भय? ज्याचं नाव घेतलंस, तोही आपल्यासाठी असाच मरणात खाली उतरला होता."

साळूने बुडी मारली. इलीशारावांच्या पायांना हातच हात विळखले होते. गारठलेले, बांगड्या भरलेले. 'मी आता तुमची न्हाई,' ती मनात म्हणाली, 'आन् ह्यो बी न्हाई.' हात एकेक करून सुटले.

दोघं वर आली. त्यांच्यामागून बारा वर्षांच्या हिरव्या बांगड्या वर आल्या. एकही फुटलेली नव्हती. काच पाण्यावर तरंगत होती! धन्य प्रभूची करणी!

घोट्यांवर गोल वळ घेऊन इलीशाराव महाराजांच्या पायांवर पडू लागले. महाराज मागे सरले. "बाप्तिस्म्याचं पाणी तुमचंही हेच होतं, इलीशाराव. पण तुम्ही त्यात कधी मेलाच नाहीत. वाकायचंच असेल, तर जी मेली तिच्यापुढे वाका."

मग त्या मानकऱ्याने दोरवालीच्या ओल्या पायांवर डोकं ठेवलं.

"उठा दादा," साळू म्हणाली. "माझंच पाय अजून कापत्यात."