नारोशेटची टक्कर कुणाशी?

"किल्ली मोडली? नवी घे! भाव कुलपाच्या तिप्पट!" नारोशेट गादीवरून उठलासुद्धा नाही.

येसू कासारणीचं तोंड उतरलं. उद्या देवीची जत्रा, तिच्या सगळ्या बांगड्या दुकानात कोंडलेल्या आणि दाराला नारोशेटचं कुलूप! ही एक जत्रा हुकली, तर वर्षभर चूल थंडच राहायची.

तांबेगडात हे कुलूप नाही असं घर सापडायचं नाही. चोराच्या बापालाही न उघडणारं ते कुलूप शेटनं आधी जवळजवळ फुकट वाटलं. जुने कुलूपवाले गाशा गुंडाळून गेले आणि मग किल्लीचा भाव चढू लागला. किल्ली हमखास मोडायची आणि ती घडवायची रीत शेटशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि साऱ्या गावाचं नाक शेटच्या चिमटीत होतं.

येसूनं तडक दरबार गाठला आणि शेटलाही बोलावणं गेलं. राजा उधोजींचा कायदाच होता : ज्या मालाचा विकणारा एकटा, त्याचा भाव दरबार ठरवणार!

"मी एकटा?" नारोशेटनं कानांवर हात ठेवले. "महाराज, मी कुलूप कुठं विकतो? मी विकतो राखण! राखण कुत्रा करतो, पहारेकरी करतो, काट्यांचं कुंपण करतं. एवढ्या गर्दीशी टक्कर देत मी बापडा कसाबसा तग धरून आहे!"

राजाला हे भलतंच पटलं. आणि राजाला एकदा पटलं की ब्रह्मदेव आला तरी त्याला हलवू शकत नसे.

"बाई, याला टक्कर देणारे इतके आहेत," राजा म्हणाला. "त्यातला एकही खरा नाही, असं दरबार उठायच्या आत सिद्ध कर! नाहीतर खोट्या फिर्यादीबद्दल तुला जत्रेत बंदी!"

कुत्रा राखण करत नाही, हे कोण सिद्ध करणार? तिनं शेटकडं पाहिलं. शेट मिशीत हसत होता. ते हसू पाहून येसूचं डोकं असं काही तापलं, की त्या तापातच युक्ती सुचली.

"महाराज, मी कशाला सिद्ध करू? शेटजीच मोठे जाणकार! त्यांच्या तिजोरीच्या खोलीचं कुलूप काढा, आन् तिथं शेटजी म्हनतील तो राखणदार ठेवा. आजची एक रात!"

"वा! बोला शेट, कुत्रा ठेवू?"

"कुत्रा?" शेट दचकला. "महाराज, भाकरीचा तुकडा टाकला की तो चोरामागं शेपूट हलवत जाईल!"

"मग पहारेकरी?"

"तो तर संध्याकाळपासूनच घोरतो! आणि जागा राहिलाच, तर चोराला सामील!"

दारातल्या पहारेकऱ्यानं भाला आपटला.

"बरं, काटे?"

"काट्यांवर घोंगडी टाकली की झालं! नको महाराज, माझ्या कुलपाची सर कशालाच नाही हो! कशालाच नाही!"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

येसूनं हात जोडले. "ऐकलंत, महाराज? टक्कर देणारे समदे शेटजींनीच गारद केले. आता बाजारात कोण उरलं?"

राजा खो खो हसत सुटला. "शेट, हिची किल्ली आत्ताच्या आत्ता, आणि फुकट! यापुढं भाव मी ठरवणार. बाई, तू बक्षीस माग!"

"किल्ली घडवायची रीत शेटजींनी गावच्या लोहारांना शिकवावी, येवढंच."

"मेलो! लोहार किल्ल्या करू लागले, तर मी जगू कसा?"

"का वो, शेटजी? कुत्री, पहारेकरी, काटे, येवढ्यांशी टक्कर दिलीत, आन् चार लोहारांना भिता?"

राजा इतका हसला की डोक्यावरचा मंदील कलंडला. तो सावरायचं सोडून त्यानं गळ्यातला कंठा काढून येसूच्या हाती ठेवला, आणि नारोशेटची रवानगी केली ती थेट लोहारआळीत!