ऐंशी टक्क्यांचा घाणा

“पण का?” तनुजाने पुन्हा विचारलं.

मठाच्या हिशेबाचा नियम असा: गुंतवलेलं भांडवल म्हणजे मठाने पदरचे घातलेले पैसे, एवढंच. यावर प्रश्न विचारायचे नाहीत, असं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

विश्वस्त बापूसाहेब हसले. “अगं पोरी, तू जन्मायच्या आधीपासून आम्ही असंच मोजतोय.”

“म्हणून ते बरोबर ठरतं?”

मठाच्या तेलघाण्यापाशी मंडळी जमली होती. बीकॉम झालेली तनुजा मठाची नवी हिशेबनीस. विश्वस्तांच्या हिशेबी घाण्यात घातले पन्नास हजार, वर्षाला सुटले चाळीस. परतावा ऐंशी टक्के! शेजारच्या मागशाळेचा जेमतेम बारा. म्हणून मागशाळा बंद करायची, विणणाऱ्या बायांना घरी पाठवायचं. कागद तयार होता. सही तेवढी तनुजाची हवी होती.

“अहो, घाणा बसवला बँकेच्या अडीच लाखांच्या कर्जातून. बैल भक्ताने दिला, तोही लाखाचा. ते नको धरायला? माग मठाच्या पैशाने घेतले, तर त्यांची मात्र पै न् पै धरता!”

“कर्ज बँकेचं, बैल फुकटचा,” दुसरे विश्वस्त नानासाहेब म्हणाले. “आपलं काय गेलं त्यात?”

तनुजा ताडकन वळली. मठाचे गुरू अवधूतबुवा कडेला बसून मजेत शेंगदाणे खात होते.

“बुवा, तुम्ही तरी बोला! की तुम्हीही यांच्यातलेच?”

“वयाने यांच्यातलाच.” बुवांनी आणखी एक दाणा तोंडात टाकला. “सकाळपासून किती बोललीस, तनू?”

“खूप.”

“पटलं कुणाला?”

“…नाही.”

“मग आता बोलू नकोस. यांनी जे मोजलं नाही, ते बाजूला कर.”



तनुजाने ओढणी कमरेला बांधली. हरण्या बैलाला घाण्यापासून सोडलं. घाणा जमिनीत रोवलेला, तो कसला हलतोय! त्यावर तिने ताडपत्री टाकली.

उरलं शेंगदाण्यांचं एक पोतं. मठाच्या पैशाचं.

ते फरफटत तिने बापूसाहेबांपुढे आणलं, त्याची दोरी सोडली.

“काढा तेल.”

“चेष्टा पुरे झाली.” बापूसाहेबांनी कागद पुढे केला. “सही कर.”

“नाही करणार. सगळं धरलं तर घाण्याचा परतावा दहा टक्के होतो. मागांपेक्षा कमी! बायांना घरी बसवणाऱ्या कागदावर माझी सही मिळणार नाही. आज नाही, उद्याही नाही.”

बापूसाहेबांनी नानासाहेबांकडे पाहिलं. नानासाहेबांनी पोत्याकडे.



तेवढ्यात मोकळा सुटलेला हरण्या डुलत डुलत आला आणि त्याने खुशाल पोत्यात तोंड घातलं. नानासाहेबांनी काठी उचलली.

बुवांनी हात आडवा केला.

“राहू द्या हो. आपला परतावा घेतोय तो.”