राजकन्येच्या खोलीतली दोनचाकी

फार फार जुनी गोष्ट, पोरांनो आणि थेरड्यांनो. इतकी जुनी, की तेव्हा मीसुद्धा खोटं बोलत नव्हतो.

एका राजाची लेक तापाने फणफणली. ताप असा लागट, की जवळ गेलेल्या दोन्ही दाया आडव्या झाल्या. वैद्याने बजावलं, "आता कुणी उंबरठा ओलांडायचा नाही. काढा दोनच पेले उरलाय. परवा दिवस मावळायच्या आत एक पेला पोटात गेला नाही, तर माझा इलाज संपला." पोरीला उठवत नव्हतं, हात तेवढा पलंगाच्या कडेला पोचत होता.

राजाने फर्मावलं, "चावीवर चालणारी गाडी करा. तीच काढा नेईल."

दरबारी मिस्त्रीने चांदीचे घुंगरू लावून चारचाकी रथ केला. मैदानात तो वाऱ्यासारखा सुटला.

गावची एक सुतारीण मात्र आधी खोली झाडणाऱ्या बाईकडे गेली. "मावशी, दारापासून पलंगापर्यंत वाटेत काय काय आहे?"

"मधोमध खांब. त्याच्या अंगाला बोळकांडी, माझ्या केरसुणीपुरती. तिथं जागच्या जागी वळावं लागतं, बाई."

सुतारणीने अंगणात रांगोळीने तेवढीच खोली आखली आणि दोनच चाकांची गाडी केली. प्रत्येक चाकाला वेगळी चावी, थांबवायला वेगळा दोर. पुढे टेकू म्हणून एक गुळगुळीत लाकडी गोटा.

तिसऱ्या दिवशी दरबार खिदळला. "बैल कुठे बांधलास गं?"

मिस्त्री म्हणाला, "राजघराण्यात चारापेक्षा कमी चाकांचं वाहन चालत नाही. रीत आहे, महाराज."

राजाने मान डोलावली. राजेच ते, त्यांना दुसरं काम काय?

रथ निघाला. खांबापाशी मिस्त्रीने वळायचा दोर ओढला. चाकं फरशीवर कर्रकन घासली, रथ भिंतीला धडकून कलंडला. पेला फुटला.

मागे ओढून रथ बाहेर काढेपर्यंत कलतं ऊन भिंतीवर चढलं होतं. पेला एकच उरला होता.

"महाराज, आणखी एकदा माझा रथ—"

"गप्प!" राजा सुतारणीकडे वळला. "बाई, आण तुझी ती बैलगाडी."

सुतारणीने दोन्ही चाव्या दिल्या. गाडी खांबाशी पोचली. तिने डावा दोर ओढला. डावं चाक थांबलं, उजवं फिरत राहिलं, गाडी जागीच वळू लागली. काढा हिंदकळत काठाला आला. उंबरठ्याशी कुणी श्वास घेईना. मी सांगतोय तर तुम्हीही घेईना झालात, बघा!

काढा पुन्हा पेल्यात बसला. सुतारणीने दोर सैल सोडला. गाडी पलंगाशी टेकली. पलंगाच्या पडद्यातून एक बारीकसा हात बाहेर आला, चाचपडला, पेला आत गेला.

"ई! कडू आहे!"

राजा हसला आणि रडलाही, दोन्ही एकदम.

ताप उतरला. सुतारीण दरबारी मिस्त्री झाली. जुन्या मिस्त्रीच्या हाती राजाने केरसुणी दिली आणि वर्षभर ती खोली झाडायला लावली. आता फरशी न् फरशी त्याला तोंडपाठ आहे.

तात्पर्य : गाडी जिथे चालायची ती जमीन आधी पाहावी, चाकं मग ठरवावीत.