अर्ध्या भाताचा थाळा

बसा हो, बसा. घड्याळाकडे काय बघता? लाँच एवढ्यात सुटत नाही. तुम्ही सोडून खानावळीत चिटपाखरू नाही, मग ती थांबलीय कोणासाठी, हेच विचारायचंय ना? सगळेच विचारतात. मागे एक साहेब माझ्यावर ओरडून लालबुंद झाले होते. मी म्हटलं, ओरडा खुशाल, पण तोवर रस्सा-भात खा, गार होतोय.

त्या खिडकीखाली बघा. पाट मांडलाय, पुढं पितळी थाळा, त्यात अर्धाच भात आणि वर बांगड्याचं कालवण. तो थाळा उचलल्याशिवाय केवणीच्या धक्क्यावरून संध्याकाळची शेवटची खेप सुटत नाही. माझ्या आज्याच्या काळी होडी थांबायची, आता लाँच थांबते.

ही खानावळ मूळची येसूची. धक्का दगडाचा नव्हता, तेव्हाची गोष्ट असं सांगतात. नवरा दर्यात गेलेला, पोटी एकच लेक, मथुरा, ती खाडीपल्याड दिलेली. येसूनं इथं माडाच्या झापांची खोपी घातली आणि उतारूंना जेवू घालू लागली. ज्याला परवडेल त्याला माशाची तुकडी, नाही त्याला नुसता रस्सा-भात. पण भात पोटभर, आणि रस्सा परत मागायला लाजायचं नाही. बाई तोंडाची फटकळ. 'मेल्या, आधी हात धू' असं म्हटल्याशिवाय तिनं कोणाला वाढलं नाही म्हणे. हात मात्र सढळ.

एकदा उन्हं उतरताना घाटावरून चालत आलेला एक माणूस येऊन टेकला. पायात वहाण नाही, भुकेनं डोळे खोल गेलेले. त्यालाही पल्याड जायचं होतं. येसूनं वाढलं. पहिले चार घास त्यानं अधाशासारखे खाल्ले, मग हळूहळू खाऊ लागला. फार भुकेल्या माणसाला ताट संपू नये असंच वाटतं. तेवढ्यात पल्याडहून आलेल्या होडीतून निरोप आला, मथुरा अडलीय. सकाळपासून कळा देतेय, सुटका होत नाही.

आईचा जीव तो! येसूनं चुलीत पाणी ओतलं. होडीचा तांडेल म्हणाला, ओहोटी लागलीय, निघायचं तर आत्ता. ती त्या माणसाला म्हणाली, "ऊठ बाबा, होडी चाललीय. पल्याड कोणीही घास घालील तुला."

तो म्हणाला, "बाय, एवढा भात संपवतो."

येसूनं थाळा पुढून ओढून घेतला.

अहो, आपल्यात वैऱ्यालासुद्धा भरल्या ताटावरून उठवत नाहीत. तिला का ठाऊक नव्हतं? पण लेक मरणाच्या दारात होती. त्या माणसानं उष्ट्या हातांनीच थाळ्याला नमस्कार केला आणि मुकाट होडीत जाऊन बसला.

खाडीच्या मध्यावर वारा उठला आणि होडी उलथली. घाटावरचा माणूस, त्याला कुठलं पोहणं? पण एक फळी त्याच्या हाती लागली होती. येसू गटांगळ्या खाताना दिसली तशी त्यानं ती तिच्याकडे ढकलली. कोणी म्हणतात तो बोलला, 'लेकीकडे जा.' कोणी म्हणतात काहीच बोलला नाही. बाकी सगळे काठाला लागले. तो सापडला नाही.

आणि वारा? अर्धा थाळा भात संपायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पडला म्हणे.

येसू ओलीचिंब मथुरेच्या दारात पोचली, तर मुलगी झाली होती आणि मायलेकी सुखरूप होत्या. मथुरा म्हणाली, "आये, जिवावर उदार होऊन कशाला आलीस? निरोप्या निघाला आणि मी मोकळी झाले." येसूनं हंबरडा फोडला. घरच्यांना वाटलं, आनंदाचं रडू.

परत आली तर थाळा तसाच होता. भातात त्याच्या बोटांच्या खुणा, कालवण कडेला वाळलेलं. तिनं त्याला नाव विचारलं नव्हतं, गावही नाही. कुठंतरी कोणी वाट बघत असणार, त्यांना सांगायचं कोणी? पुढं जन्मभर घाटावरून येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, "तुमच्यातला कोणी केवणीकडे आला आणि परत गेला नाही, असं आहे का रे?" असा एखादा प्रत्येक गावात असतोच हो. ती प्रत्येकासाठी रडायची.

तिनं तांडेलाला शपथ घातली, माझ्याकडे कोणी ताटावर असेल तर होडी सोडायची नाही. आणि रोज शेवटच्या खेपेआधी ती हा थाळा वाढू लागली. अर्धाच, कारण अर्धा तो जेवून गेला होता.

मथुरेची ती मुलगी पुढं इथंच राहिली, खानावळ तिनं चालवली. आम्ही तिच्याच वंशातले. म्हणजे जिच्यापासून आमचं घर हसलं-खेळलं, ती अगोदरच जन्मली होती; आमच्यासाठी त्या पावण्याला ताटावरून उठवायची काही गरज नव्हती. हे मला माझ्या आज्यानं सांगितलं.

आजही तांडेल येतो आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारतो, "पावण्याचं झालं का?" सूनबाई आतून सांगते, "जेवतोय." मग अर्धा थाळा भात संपायला लागेल तेवढा वेळ तांडेल तिथंच थांबतो. नंतर ती थाळा उचलते, भात खाडीत सोडते आणि दोर सुटतो.

तो बघा, आलाच तांडेल. गप्प राहा जरा. आणि तुमच्या ताटात भात का उरलाय? जेवा सावकाश. इथून तुम्हाला कोणी उठवणार नाही.