नवव्या वळणावरचे पाणी

त्या राज्यात डोंगर एकच होता आणि त्याच्या माथ्यावर जाणारा रस्ताही एकच. रस्त्याला चौदा वळणे होती. पायथ्याशी, नदीच्या दोन तीरांवर, शर्यतीच्या मोटारसायकली बनवणारे दोन कारखाने होते आणि दर उन्हाळ्यात दोन्हींची एकेक गाडी त्या रस्त्याने वर धावत असे. ज्याची गाडी आधी पोचे त्याची भट्टी वर्षभर पेटती राही. हरणाऱ्याला आपली भट्टी विझवावी लागे. लागोपाठ दोनदा हरला तर राजाचे शिपाई येऊन दाराला कुलूप घालत, आणि ते कुलूप पुन्हा निघाल्याचे कोणी पाहिले नव्हते.

अलीकडच्या तीरावरचा कारखाना राघोजी मिस्त्रीचा. गाड्या चालवायचा त्याचा भाचा तुळाजी. राघोजी आपल्या गाड्यांना पाखरांची नावे देई. त्याची पहिली गाडी टिटवी. ती अंगाने किरकोळ, आवाजाने मोठी आणि निळा धूर सोडणारी होती. टिटवी थकली तेव्हा त्याने घार बनवली, टिटवीहून दुप्पट ताकदीची, रुंद छातीची. घारीने सात उन्हाळे एकदाही हार पाहिली नाही. टिटवी मागच्या पडवीत गेली आणि नदीवरून वाळूची पोती आणू लागली.

गाड्या एकमेकींशी बोलत. माणसांना ते ऐकू जाई, पण निवत्या लोखंडाची टिकटिक म्हणून ते सोडून देत.

सातव्या विजयानंतर राघोजीने मधल्या मेजावर एक नवा सांगाडा मांडला. घारीला आधी वाटले, आपल्यासाठीच काही घडते आहे. नवे चाक असेल, नवी टाकी असेल. मग त्या सांगाड्यात इंजिन बसले, आणि घारीला कळले की आपल्याला दोन इंजिने लागत नाहीत.

नवी आली तिचे नाव पाकोळी. घारीचे इंजिन उघडे होते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसे; पाकोळीने ते गुळगुळीत कवचाखाली झाकले होते. घार गर्जत असे, पाकोळी तोंड न उघडता गुणगुणल्यासारखी चाले. ती वजनाला घारीच्या निम्मी भरली. पहिल्या दिवशी तुळाजी तिच्यावरून माळावर एक फेरी मारून आला, उतरला आणि तिच्या टाकीवर तळहात ठेवून उभा राहिला. टाकी निवेपर्यंत तो हात तिथेच होता. सात वर्षे शर्यतीनंतर तो हात घारीच्या टाकीवर असे. त्या हाताला वजन किती, हे तिला नेमके ठाऊक होते.

त्यानंतर घारीला फार बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या. तिला पुसायचे मऊ फडके आता पाकोळीच्या खुंटीला होते आणि तिच्या वाट्याला गोणपाटाचा तुकडा आला होता. सकाळी दार उघडले की तुळाजी आधी कोणाकडे बघतो, हे ती रोज बघे. कधी बाजारात जायचे झाले तर तो तिच्यावर बसे, पण त्याच्या हातांना दुसरीच्या तेलाचा वास येई. वळणावर तो नको इतका वाके, कारण दुसरीची सवय झाली होती. एकदा तिला पडवीच्या पायरीवर चढवताना तो म्हणाला, "किती जड झालीस गं."

ती जड झाली नव्हती. ती होती तेवढीच होती.

सगळ्यांत वाईट हे होते की पाकोळीत खोट काढायला जागा नव्हती. ती गोड होती. घारीला ती आक्का म्हणे आणि तिच्या सात शर्यतींच्या गोष्टी पुन्हापुन्हा ऐके. पलीकडच्या तीराला सुगावा लागू नये म्हणून राघोजीने तिला डोंगराच्या रस्त्यावर एकदाही नेले नव्हते. शर्यतीच्या आदल्या दिवशी, दुपारची सगळी जेवायला गेली असताना, तिने विचारले, "आक्का, रस्ता कसा आहे? मला माळाशिवाय काही ठाऊक नाही."

घारीने सांगितले. पहिल्या वळणाला खडी आहे, चौथे दिसते त्याहून आखूड आहे, सातव्याला वारा आडवा येतो. पाकोळी एकेक वळण मनात घोळवत होती. आठवे झाले.

"आणि नववे?"

नवव्या वळणावर कातळातून झरा पाझरत असे. भर उन्हाळ्यातही रस्त्याच्या आतल्या कडेला पाण्याचा पातळ पापुद्रा असे, दगडाच्याच रंगाचा. वर बसलेल्या माणसाला तो कधी दिसत नसे, चाकाला कळे. घार तिथे दर वर्षी आपणहून बाहेर ओढ घेई. तुळाजी आणि राघोजी ती तिची खोड समजत. सात वर्षे राघोजीने ती खोड काढायला तिचे चाक खोलून बसवले होते, आणि पाकोळीत ती नाही याचा त्याला अभिमान होता.

"नववे सोपे आहे," घार म्हणाली. "आतून घे. सरळ काढ."

मग तिने दहाव्यापासून चौदाव्यापर्यंत सगळे खरे सांगितले.

दुसऱ्या दिवशी ती दारात उभी राहून ऐकत होती. माथ्यावर नगारा असे. अलीकडच्या तीराची गाडी जिंकली तर एक ठोका, पलीकडची जिंकली तर दोन. पहिला ठोका पडला तेव्हा पाकोळी जिंकली असे वाटून तिला कळ आली. दुसरा पडला तेव्हा तिला हायसे वाटले, आणि ते सुख तिने तोंडात धरून ठेवले. पाकोळी किती मागे पडली असेल, तुळाजी किती चिडला असेल, आता तो येऊन फडके कोणाच्या खुंटीला लावील, असे सगळे तिने चघळून घेतले.

मग रस्त्याने बैलगाडी आली. बैलगाडीत तुळाजी होता आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. पाकोळी पडली तर तिच्यावर बसलेलाही पडेल, हे घारीच्या मनात तोवर एकदाही आले नव्हते. हे कोणाला खरे वाटले नसते, पण तसेच होते. तिने शर्यतीचा विचार शंभरदा केला होता आणि दर वेळी पाकोळी एकटीच धावताना दिसली होती.

तुळाजीला खाली उतरवले. दुखण्याने त्याचा चेहरा पांढरा पडला होता. शुद्धीवर येताच तो म्हणाला, "मामा, पाकोळीला फार लागलंय का?"

त्या क्षणीसुद्धा घारीला ते वाक्य बोचले. तो विव्हळत होता, ती अपराधी होती, आणि तरी आधी बोचले ते हेच, की त्याने नाव पाकोळीचे घेतले.

राघोजीने भट्टी विझवली. दोन दिवसांनी तो एकटाच डोंगरावर गेला, नवव्या वळणावर गुडघे टेकून बसला आणि रस्त्यावरून हात फिरवला. हात ओला झाला. खाली आल्यावर तो तडक घारीसमोर येऊन उभा राहिला.

"सात वर्षं तू बाहेर ओढत होतीस," तो म्हणाला, "आणि मी तुलाच दोष देत होतो. तुला ठाऊक होतं गं. तुला सगळं ठाऊक होतं."

त्याने मायेने तिच्या हँडलवर थोपटले. इतक्या महिन्यांत कोणी केलेले ते पहिले कौतुक होते, आणि घारीला ते शिपायाने दंडाला धरावे तसे वाटले. शेजारीच, भिंतीला टेकवून, मोडकी पाकोळी उभी होती.

राघोजी निघून गेला. पाकोळी म्हणाली, "आक्का, मला वाटलं होतं मीच चुकले."

घारीने नजर दाराकडे वळवली.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

पाकोळीने आणखी काही विचारले नाही. त्या दिवसापासून ती घारीशी बोलेनाशी झाली आणि कारखान्यात इतकी शांतता झाली की पडवीतल्या टिटवीचे तेल ठिबकलेलेही ऐकू येई.

अखेर घारच पडवीकडे वळली. "टिटवे," ती म्हणाली, "नवव्या वळणाचं मला तू सांगितलं होतंस. मी आले तेव्हा. आठवतं?"

"आठवतं की."

"तुला माझा हेवा वाटला नव्हता?"

टिटवी हसली. तिच्या टाकीला पोचे पडले होते आणि हसली की ते वाजत. "वाटला नव्हता कसा? तुझ्या एकेका चाकाचा वाटला होता. पहिल्या शर्यतीत तू पडावीस म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते."

"मग सांगितलंस कशाला?"

"वर तुळाजी बसणार होता ना," टिटवी म्हणाली.

पावसाळा, हिवाळा गेला. तुळाजी काठीवर आणि नंतर काठीशिवाय, पाय ओढत, चालू लागला. उन्हाळा दोन महिन्यांवर आला तेव्हा राघोजीने पाकोळी मेजावर घेतली. तिचे कवच ठोकून सरळ झाले, साखळी बदलली. पण पुढचे चाक धरणारे दोन दांडे, ज्यांना मिस्त्रीलोक फोर्क म्हणतात, ते पार वाकले होते. नवे ओतायचे तर भट्टी हवी. भट्टी पेटायची तर शर्यत जिंकायला हवी.

"घारीलाच नेऊ या," तुळाजी म्हणाला.

घार सगळ्या अंगाने ऐकू लागली.

"ती आता पुरी पडायची नाही," राघोजी म्हणाला. "पलीकडच्यांची नवी गाडी बघितलीस ना? घार सहाव्या वळणापर्यंत त्यांची धूळ खाईल. दार बंद होईल आपलं." त्याने वाकलेल्या दांड्यांवरून हात फिरवला. "तिचे फोर्क मात्र लागतील हिला. माप एकच आहे."

तुळाजी घारीजवळ बसला आणि पान्हा लावला. दोन नट सहज निघाले. तिसरा वर्षानुवर्षांच्या गंजाने धरलेला होता. तुळाजी जोर लावत होता, त्याचा दुखरा पाय थरथरत होता. घारीला कळत होते की हा नट आपण धरला तर तो तुटेल आणि दांडा कायमचा इथेच राहील. मग आपल्याशिवाय नेण्यासारखे काही उरणार नाही, आणि डोंगराच्या रस्त्याने शेवटचे एकदा तो आपल्याबरोबर येईल. हरायला का होईना, येईल.

तिने त्या पायाकडे पाहिले. मग नट सोडला.

तिला पुढून एका लाकडी ठोकळ्यावर टेकवून ठेवले. मेजावरून पाकोळी तिच्याकडे पाहत होती. किती महिन्यांनी ती बोलली, "आक्का, हे दुखतं का?"

"नाही," घार म्हणाली. "नीट ऐक. नवव्याला बाहेरून घे. सरळ काढू नकोस. तो कितीही आत दाबू दे, तू बाहेर ओढ."

शर्यतीच्या दिवशी घार ठोकळ्यावरून हलू शकत नव्हती. दार तिला अर्धेच दिसे. नगाऱ्याचा एक ठोका पडला. ती दुसऱ्याची वाट पाहत राहिली. उन्हात पाचोळा वाजला, नदीवर कोणीतरी धुणे आपटले, तोही तिला ठोकाच वाटला. पण दुसरा ठोका आला नाही. तिला आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या आत, दाताखाली खडा यावा तशी, ती जुनी कळही होती.

गावकरी पाकोळीला मिरवत घेऊन आले. सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती. "नवव्या वळणावर काय वाकली," एक म्हातारा सांगत होता, "अगदी घारच. लांबून ओळखायला सांगितलं असतं कोणी, तर मी घारच म्हटलं असतं."

पाकोळीची गुणगुण क्षणभर अडखळली. बाकी कोणाच्या ध्यानात ते आले नाही. घारीच्या आले.

भट्टी त्याच दिवशी पेटली. राघोजीने वर्षभर डोक्यात साठवलेले सगळे काढले. महिनाभर घण बंद झाला नाही. पाकोळीला कोपऱ्यात, घारीच्या शेजारी आणून लावले होते. दोघी पुन्हा बोलू लागल्या होत्या. पाकोळी पुढच्या उन्हाळ्याचे बोलायची, पाचव्या वळणाला अजून किती वेग काढता येईल ते सांगायची, आणि घार ऐकून घ्यायची.

एका सकाळी दार उघडले तेव्हा मधल्या मेजावर काहीतरी होते. त्यावर पांढरे कापड टाकलेले होते. तुळाजी पाय ओढत आला, नेहमीसारखा कोपऱ्याकडे वळला नाही, मेजाशी थांबला. कापडाची कड उचलून त्याने आत हात घातला. हात बराच वेळ आतच राहिला.

"मामा," तो हळू आवाजात म्हणाला, "हिचं नाव काय ठेवायचं?"

घारीने शेजारी पाहिले. पाकोळीला कोणी हात लावला नव्हता, कारखान्यात वाराही नव्हता. तरी तिचे हँडल आपोआप, तसूतसूने, त्या पांढऱ्या कापडाकडे वळत होते.