ढगांच्या पुलावरचा घोडा

एकदा एका गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला आणि एका शिष्याला उत्सुकतेने जेवण सुचेना. सिनेमा त्याच्या लाडक्या कादंबरीवरचा होता. ढगांपलीकडच्या राज्याची ती गोष्ट तो दुपारी वाडीतल्या मुलांना वाचून दाखवी. तिची नायिका तरंगिणी जन्मापासून लंगडी. धावणाऱ्याच्या पायाखाली ढगांचा पूल विरून जाई. तिच्या सावकाश पावलांना मात्र तो पेलून धरी.

तंबूच्या दारात सिनेमा काढणारा व्यापारी बसला होता. शिष्याने विचारले, "शेठ, कादंबरीला हात नाही ना लावला?"

"हात कसला? नवरीसारखी नटवलीय!" व्यापारी हसला.

शिष्यासोबत त्याचे वृद्ध गुरू होते. आत गेल्यावर ते पडद्याच्या अगदी पुढ्यात जमिनीवर बसले, तेही पडद्याकडे पाठ करून. लोक खिदळले.

"ओ आजोबा, सिनेमा मागं चाललाय!"

"असू दे रे, त्यांनी तिकीट आपल्याला बघायचं काढलंय!"

गुरूही हसले, पण वळले नाहीत.

खेळ संपला. बाहेर येताच शिष्याचा संताप उसळला. "सत्यानाश केला, गुरुजी! राक्षसाला तीन शिंगं, यांनी दोनच दिली. निळी तलवार सोनेरी केली. सेनापतीला मिशा! तरंगिणीला घोड्यावर बसवून पुलावरून उधळत नेलं. राजवाडा तर लग्नाच्या हॉलसारखा. आणि तुम्ही एकदाही मान वळवली नाहीत!"

"पडदा तू बघणारच होतास," गुरू सावकाश म्हणाले. "मी माणसं बघत होतो. तुझ्या वाडीतली ती पायानं अधू मुलगी पुढेच बसली होती. आईला सांगत होती, 'आता पूल येईल बघ, आता ती एकटीच जाईल.' मग घोडा आला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. त्या गलक्यात तिनं आपला पाय हळूच परकराखाली ओढून घेतला."

त्यांनी दारातल्या व्यापाऱ्याकडे बोट केले.

"एक शिंग कमी झालं म्हणून कुणाचं काही गेलं नाही रे. पण त्या लेकराजवळ एवढा एकच पूल होता. तोही यानं धडधाकटांना देऊन टाकला, आणि वर म्हणतो, नटवली! राग यायलाच हवा, बाळा. मलाही आलाय. तू मात्र तो मिशांवर खर्चून बसलास."

शिष्याने वळून पाहिले. थोड्या अंतरावर ती मुलगी आईचा पदर धरून उभी होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"तो घोडा पुस्तकात नाही, बरं का."

मुलीने त्याच्याकडे रोखून पाहिले. "मला वाटलं, दादा, तुम्हीच आम्हाला खोटं वाचून दाखवलं."

"नाही ग. पुस्तकात ती पायीच जाते."

"लंगडत?"

"लंगडत. म्हणून तर पूल टिकतो."

तिच्या कपाळावर आठी चढली. "हे त्या शेठला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"मग चला की सांगायला!"

आईचा पदर सोडून ती तंबूच्या दाराकडे निघालीसुद्धा. गुरू आणि शिष्य तिच्या मागून, तिच्याच चालीने चालू लागले.