म्हशीकडे पाठ

माणसांनी देवळं बांधायच्याही आधीची गोष्ट. गायबगळ्यांचा एक देव होता, उडवण्या. तो डोंगरात बसून गवतातले नाकतोडे उडवतो म्हणून आपलं पोट भरतं, असं म्हातारे सांगत. रोज सकाळी सगळे डोंगराकडे तोंड करून एका पायावर उभे राहत.

टिपरी नावाच्या तरुण बगळीने विचारलं, "पण नाकतोडे तर म्हैस चालते म्हणून उडतात ना?"

म्हाताऱ्यांनी तिला रांगेतून हाकललं.

एके दिवशी कुरणातल्या म्हशीच्या कानात गोचीड झाले आणि ती जागची उठेना. नाकतोडे गवतातच राहिले. पिल्लं भुकेने रडू लागली, तेव्हा म्हातारे म्हणाले, "देव कोपला. पाय बदला."

टिपरी म्हशीच्या डोक्यावर बसून गोचीड वेचू लागली. "मावशी, आजवर तुझ्यामुळे जेवलो. सांगायचं राहूनच गेलं."

"रोज पाठ करून उभे राहता," म्हैस म्हणाली. "मला वाटायचं, रुसलात माझ्यावर."

ती उठून चालू लागली आणि नाकतोडे उडाले. म्हातारे भरल्या तोंडाने म्हणाले, "बघा, पाय बदलल्याचं फळ."

दुसऱ्या सकाळी टिपरी एका पायावर उभी राहिली, म्हशीकडे तोंड करून. शेजारी पिल्लंही होती.

"दोन्ही पाय टेका गं बाळांनो," म्हैस म्हणाली, "आणि डावा कान तेवढा बघा."